ताळा कोणी केला?

इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या सरकारी आकड्यांतून गळले. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या लांबलचक फाइली मध्यवर्ती संगणकात चढवण्याआधी 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही तेव्हाची संस्था त्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत उतरवून घेत असे. तीत ६५,५३६ ओळी मावतात, म्हणजे २ चा सोळावा घात. १६ बिटांत तेवढेच क्रमांक लिहिता येतात. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी, त्यामुळे फाइल लवकर भरली आणि पुढचे रुग्ण बाहेरच राहिले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करणे लांबले.

सगळा दोष एक्सेलच्या माथी मारला गेला. आम्हांला हे पटत नाही. मर्यादा कोणत्याही साठवणीला असतेच. २००७ च्या एक्सेलमध्ये ती १०,४८,५७६ झाली, इतकेच. पुढे फाइलींचे लहान तुकडे करण्यात आले. हा उपायही आम्हांला अपुरा वाटतो, कारण त्याने फक्त भांडे बदलते. आलेल्या ओळी किती आणि उतरल्या किती, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहायला काय लागते? भागाकाराचा ताळा तर आपण प्राथमिक शाळेतच करायला शिकवतो.