कुणीच न गायलेला गंधार

मिरजेचा तानपुरा नीट लागला, जवारी उघडली, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. ती तार गंधारात लावलेली नसते, म्हणून त्याला स्वयंभू म्हणायचं. स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येला रोन्निंगे नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हाच गंधार कानावर आला आणि मी थबकले. साथीला तानपुरा नव्हता, पेटी नव्हती. नुसते गळे.

'रोन्निंगे शो कोरस' हा बार्बरशॉप पद्धतीचा वृंद. या गाण्याची मुळं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हौशी गायनात आहेत. पुढे 1938 मध्ये टल्सा शहरात पुरुषांनी त्याची संस्था काढली. तिथे बायकांना जागा नव्हती. मग 1945 मध्ये त्याच शहरात एड्ना मे अँडरसन यांच्या पुढाकाराने 'स्वीट अ‍ॅडलाइन्स' ही बायकांची संस्था उभी राहिली. पुरुषी नावं मात्र तशीच राहिली. चाल गाते ती 'लीड', तिच्या वर हलक्या आवाजात 'टेनर', तळाशी 'बेस', आणि कधी लीडच्या वर, कधी खाली उरलेला स्वर भरणारी 'बॅरिटोन'.

या शैलीचा जीव एका स्वरसंगतीत आहे: सा, ग, प आणि कोमल नी. पेटीवर हे चार स्वर एकत्र दाबून पाहा, काहीतरी खुपतं. दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट धरलं, तर पेटीचा गंधार सुमारे 14 सेंट चढा असतो आणि कोमल निषाद सुमारे 31. बार्बरशॉप गाणाऱ्या बायका ते दोन्ही स्वर कानाने उतरवत नेतात. चारांच्या कंपनांचं प्रमाण 4:5:6:7 होतं, त्या क्षणी खुपणं थांबतं आणि वर, टेनरच्याही वर, एक झळाळ उठते. ती मंडळी तिला 'रिंग' म्हणतात. बायकांच्या वृंदात हे मला जास्त अवघड वाटतं, कारण बेसचा पायाच पुरुषांच्या मानाने उंचावर. तरी रोन्निंगेचा बेस रुंद आणि उबदार लागतो, आणि टेनर अगदी विरळ धुरासारखी त्याच्यावर तरंगते.

नुसते स्वर जुळून मात्र भागत नाही. 'आ' प्रत्येकीचा वेगळा असेल, तर झळाळ विझते. इंग्रजीतला 'आय' तर आपल्या 'ऐ'सारखा जोडस्वर: बराच वेळ 'आ'वर राहायचं आणि शेवटी 'इ'कडे वळायचं, तेही सगळ्यांनी एकाच क्षणी. या बायकांची मायबोली स्वीडिश, गाणी बहुतेक इंग्रजी. हे वळण त्या इतक्या एकजीवाने घेतात की शिवण दिसत नाही. मला तर वाटतं, भाषा परकी असल्यामुळेच एकेक स्वर त्यांनी नव्याने घडवला असावा.

हे घडवणाऱ्या ब्रिट-हेलेन बोन्नेडाल. 1989 मध्ये 'ग्रोइंग गर्ल्स' या चौकडीत गाऊन त्यांनी स्वीट अ‍ॅडलाइन्सचं अजिंक्यपद मिळवलं होतं. चौघींत प्रत्येक स्वर एकटीचा असतो, लपायला जागाच नाही. तीच उघडी जबाबदारी त्यांनी अख्ख्या वृंदाच्या अंगी बाणवली, ही मला त्यांची सगळ्यांत मोठी कमाई वाटते. 2013 मध्ये होनोलुलूला त्यांच्या वृंदाने जागतिक विजेतेपद घेतलं. उत्तर अमेरिकेबाहेरच्या वृंदाला हा मान तोवर मिळाला नव्हता. 2018 मध्ये सेंट लुइसला त्यांनी तो पुन्हा मिळवला. तिथे परीक्षक नाद, संगीत, अभिव्यक्ती आणि सादरीकरण अशा चार अंगांनी गुण देतात. रोन्निंगेचं गाणं ऐकताना मला ही चार अंगं वेगळी काढता येत नाहीत. हसू आधी आणि सूर मागून, असं तिथे होत नाही. हात उचलला जातो तो श्वासाबरोबरच.

गाण्याच्या शेवटाला 'टॅग' म्हणतात. कितीतरी टॅगमध्ये एकजण एकच स्वर धरून ठेवते आणि बाकीच्या तिघी त्याच्याभोवती सरकतात. धरलेला स्वर जागचा हलत नाही, पण तळ बदलला की तोच आत्ता पंचम वाटतो, मग कोमल निषाद, शेवटी षड्ज. मूर्च्छनेचा खेळ ठाऊक असलेल्या कानाला याची गोडी लगेच कळेल. रोन्निंगेच्या बायका असा स्वर धरतात तेव्हा मधे कुणी श्वास घेतल्याचं कळत नाही; आळीपाळीने एकेक जण घेत असते. शेवटच्या संगतीवर त्या स्थिरावल्या की डोळे मिटावेत आणि बेसच्या षड्जापासून दोन सप्तकं वर कान लावावा. गंधार तिथे असतो.