'विरोध' की निर्णय? : हारवुड प्रयोगाची पुनर्मीमांसा

कामाच्या पद्धतीत बदल केला असता कामगार त्यास विरोध का करतात, या प्रश्नाचा प्रायोगिक छडा लावण्याचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणून लेस्टर कॉच व जॉन फ्रेंच यांच्या निबंधाचा निर्देश नेहमी केला जातो. 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. बदलाच्या आखणीत कामगारांना सहभागी करून घ्यावे, म्हणजे विरोध मावळतो, हा त्याचा निष्कर्ष व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यग्रंथांत इतका रुळला आहे की, मूळ निबंध उघडून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. हे त्या निबंधाचे दुर्दैवच म्हणावयाचे. कारण त्यातील तपशील त्याच्या निष्कर्षापेक्षा पुष्कळ अधिक बोलके आहेत.

प्रयोगाचे स्थळ अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथील हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना. कामगारांत तरुण स्त्रियांचे प्राबल्य, मजुरी नगावर, आणि ताशी ६० एकके हे कामाचे प्रमाण. काम बदलले की उत्पादन घसरे आणि कित्येक जणी नोकरीच सोडून जात. बदलीच्या काळातील मजुरीची तूट भरून काढण्यासाठी भत्ता दिला जात असूनही यात फरक पडत नसे. शिवाय जुन्या, अनुभवी कामगारास नवे काम आत्मसात करण्यास नवशिक्यापेक्षाही अधिक काळ लागताना दिसे. यावरून लेखकद्वयाने अनुमान काढले की, अडचण कौशल्याची नसून प्रेरणेची आहे.

पुढील योजना साधी होती. इस्त्री करणाऱ्या १८ जणांच्या गटास बदलाची केवळ सूचना देण्यात आली; घड्या घालणाऱ्या १३ जणांच्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले; आणि तयार कपडे तपासणाऱ्या ८ व ७ जणांच्या दोन गटांतील प्रत्येक व्यक्ती नव्या पद्धतीच्या आखणीत सहभागी झाली. पहिल्या गटाचे उत्पादन ५० एककांच्या आसपास खिळून राहिले व ४० दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार निघून गेले. पूर्ण सहभागाचे गट मात्र लवकरच सावरले आणि पूर्वीच्या पातळीहून सुमारे १४ टक्के पुढे गेले; त्यांतून कोणीही नोकरी सोडली नाही.

गट लहानमोठे होते व त्यांची कामेही भिन्न होती, हा आक्षेप येथे सहज सुचतो. परंतु तो निर्णायक नाही. पहिल्या गटातील उरलेल्या १३ जणांना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र करून, पूर्ण सहभागाच्या पद्धतीने दुसऱ्या कामावर नेले तेव्हा तेही त्वरेने सावरले. निष्पत्ती खरी आहे. संशय आहे तो तिच्या अन्वयार्थाविषयी.

सहभागी गटांच्या सभेचा प्रारंभ कसा झाला, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. व्यवस्थापनाने दोन वस्त्रे पुढे ठेविली. एक १९४६ सालचे, दुसरे १९४७ सालचे. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. यांतील स्वस्त कोणते, असे विचारले असता कोणासही ते ओळखता आले नाही. खर्चात काटकसर अपरिहार्य आहे, हे याहून परिणामकारक रीतीने पटवून देणे कठीण. परंतु पटवून देणे म्हणजे विचारणे नव्हे. काटकसर करावी की करू नये, तिचा भार कोणावर पडावा आणि लाभ कोणास मिळावा, हे प्रश्न सभेपुढे आलेच नाहीत. सभेच्या वाट्याला आला तो 'कसे' एवढाच प्रश्न. त्या मर्यादेतही पूर्ण सहभागाच्या गटांत सूचनांचा असा ओघ लागला की लघुलेखकाला त्या टिपून घेणे जड गेले. ज्या स्त्रियांना प्रेरणा नाही असे मानले गेले होते, त्यांच्यापाशी कामाविषयीचे एवढे ज्ञान साठून होते आणि ते आजवर कोणी मागितले नव्हते, ही गोष्ट निबंधात ओझरती येऊन जाते. वस्तुतः प्रयोगाचा खरा शोध तोच मानावयास हवा होता.

दुसरा तपशील याहून मार्मिक आहे. पहिल्या गटात नव्या दराविषयी तक्रार झाली. दर तपासून पाहता तो कामगारांच्या दृष्टीने किंचित सैलच निघाला. लेखक ही घटना विरोधाच्या भावनिक स्वरूपाचा पुरावा म्हणून नोंदवितात. परंतु पूर्ण सहभागाच्या गटांत दर ठरला तो त्या कामगारांच्याच कामाचे मापन करून, आणि तेथे तक्रार उद्भवली नाही. तेव्हा वाद गणिताचा नव्हता, हे लेखकांचे म्हणणे मान्य करूनही तो भावनेचा होता असे सिद्ध होत नाही. आपल्या श्रमाचे माप कोणी घ्यावे, हा अधिकाराचा प्रश्न आहे. त्यास 'विरोध' हे नाव देताच तो कामगाराच्या मनातील एक दोष ठरतो, आणि मग त्यावर उपचार शोधणे ओघानेच येते.

फ्रेंच यांनीच इझ्रायल व ओस यांच्यासह नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात अशाच प्रकारचा प्रयोग केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतानुसार उत्पादनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. दिलेला सहभाग गौण बाबींपुरता होता, आणि तेथील कामगारांना संघटनेच्या प्रतिनिधींमार्फत बोलणे हाच रास्त मार्ग वाटत होता, अशी कारणे लेखकांनी दिली. आपल्या पूर्वीच्या सिद्धान्तास स्वतःच मुरड घालण्याचा हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय आहे. पाठ्यग्रंथांनी मात्र त्याची दखल क्वचितच घेतली.

हारवुडमधील बदल किती लहान होता, हेही विसरून चालणार नाही. इस्त्री केलेले कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचावयाचे, एवढाच तो पहिल्या गटापुरता होता. त्याच्या शेजारी १९२८ सालची मुंबई ठेवून पाहावी. सॅसून समूहाच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत अशी 'कार्यक्षमते'ची योजना आली होती. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते, आणि त्यांच्या सतरा मागण्यांत या नव्या पद्धतीचाही प्रश्न होता. तीन माग कसे चालवावेत, याविषयी त्या विणकरांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल. परंतु तिसरा माग काल जो चालवीत होता तो आता कोठे जाणार, ही त्यांची विचारणा होती. या विचारणेस प्रेरणेचा अभाव म्हणता येत नाही. ती परिणामांचा हिशेब करून काढलेला निर्णय होता, आणि तो हिशेब चुकीचा होता असे म्हणण्यास आधार नाही. हारवुडच्या एकाही गटापुढे असा प्रश्न नव्हता. त्यामुळे, जेथे कोणी तरी अतिरिक्त ठरणार असते, तेथील बदलाविषयी हा निबंध काहीच सांगत नाही. आणि त्याचा आधार सर्वाधिक घेतला जातो तो नेमका अशाच ठिकाणी.