रझियाची पागा

कमाल अमरोहींचा 'रझिया सुलतान' १९८३ साली ज्या थाटात आला, त्याच्या बरोबर उलट थाटात गेला. वर्षानुवर्षं खपून केलेला चित्रपट. घोडे, उंट, वाळवंट, महाल, रेशीम, कुठं म्हणून हात आखडता घेतलेला नाही. फक्त तिकिटाबरोबर एकेक उर्दू शब्दकोश वाटायचा तेवढा राहून गेला.

संवाद इतके भरजरी, की एकाची घडी उलगडेपर्यंत पात्रं पुढच्या दालनात पोचलेली. माझ्या शेजारचे गृहस्थ दर दोन मिनिटांनी विचारत, "काय म्हणाली हो?" मी कधी "रागावलीय" म्हणे, कधी "प्रेमात आहे" म्हणे. अख्खा चित्रपट या दोन वाक्यांवर भागला! धर्मेंद्र हबशी याकूत झालेला. तोंडाला काळा रंग, पण चाल मात्र पंजाबचीच.

हेही मी चालवून घेतलं असतं. खरी तक्रार निराळीच आहे.

रझियानं १२३६ ते १२४० अशी चार वर्षं दिल्लीवर राज्य केलं. घरात मुलगे असताना अल्तमशनं वारस म्हणून नाव घेतलं ते मुलीचं. बाई पडदा सोडून दरबारात बसली, हत्तीवरून उघड फिरली, नाणी पाडली. त्या काळचा इतिहासकार मिन्हाज तिचे सगळे राजगुण मोजतो आणि शेवटी हळहळतो, की पुरुषाचा जन्म नाही, मग या गुणांचा उपयोग काय! सरदारांना बाईचं राज्य आधीच खुपत होतं. त्यात तिनं याकूतला पागेचा मुख्य नेमलं. झालं, कुजबूज सुरू! आपल्या हापिसात एखादी बाई साहेब झाली, की पाण्याच्या माठापाशी चालते ना, अगदी तीच.

आणि सातशे वर्षांनी अमरोहींनी एवढा खर्च करून पडद्यावर मांडलं काय, तर तीच कुजबूज! राज्य राहिलं बाजूला, पागा तेवढी उरली. सरदारांनी तिचं तख्त घेतलं, चित्रपटानं कर्तबगारी घेतली.

उरलं ते खय्यामचं संगीत. 'ऐ दिल-ए-नादाँ' गाताना लताबाई मध्येच थांबतात, वाद्यंही गप्प होतात आणि क्षणभर नुसती शांतता पसरते. सबंध चित्रपटात रझिया मला तेवढ्या एका जागी भेटली. कारण तिथं कुणीच काही बोलत नव्हतं.