एका रोजात किती?

डोणगावच्या आमच्या घरी दिवाळीआधीचे दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. ओसरीवर विळ्यांना धार लावणं चाललं होतं आणि पलीकडच्या कोपऱ्यात भाची शिष्यवृत्तीचं पुस्तक उघडून बसली होती. अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच काम 6 दिवसांत करतो, तर दोघं मिळून किती दिवसांत करतील? तिनं आधी 18 लिहिलं. मग स्वतःच थबकली. ब एकटा 6 दिवसांत मोकळा होतो, त्याच्या मदतीला अ आला तर 18 दिवस कसे लागतील? खोडून तिनं 9 लिहिलं. तेही 6 पेक्षा जास्तच. माझ्या आईनं विळा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "एका रोजात किती उरकते, ते आंधी पाय."

काळ-काम-वेगाच्या गणिताचं सगळं सौंदर्य मला या एका वाक्यात दिसतं. गणित दिवसांबद्दल विचारतं, म्हणून हात आपसूक दिवसांकडे जातो. पण दिवस मिळवता येत नाहीत, मिळवता येतं ते काम. अ एका दिवसात कामाचा बारावा हिस्सा करतो, ब सहावा. दोन्ही मिळून तीन बारांश, म्हणजे पाव. रोज पाव काम उरकत असेल तर चार दिवसांत सगळं. आपल्या बोलीनं ही युक्ती कधीच शब्दात बांधून ठेवली आहे. रोज म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम आणि त्याची मजुरीही. "एकराला किती रोज लागले?" असं वावरात कुणी विचारतं, तेव्हा माणसं आणि दिवस यांचा गुणाकार होऊनच तो प्रश्न तोंडातून आलेला असतो.

या जातीच्या गणितांत माझं सगळ्यात आवडतं भास्कराचार्यांचं आहे. शके 1072 मध्ये, म्हणजे 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. तिथं अ नाही, ब नाही. एक बारव आहे आणि चार झरे. पहिला झरा ती एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्यात, चौथा सहाव्या. चारही एकदम सोडले तर दिवसाच्या कितव्या हिश्श्यात बारव भरेल, सांग पाहू लवकर, असं ते एका मित्राला विचारतात. लोणारची धार ज्यांनी पाहिली आहे, गोमुखातून कुंडात पडणारं ते बारमाही पाणी, त्यांना या श्लोकाचं चित्र वेगळं काढून दाखवावं लागत नाही.

श्लोक वसंततिलका वृत्तात आहे. चार झऱ्यांचे चार काळ पहिल्याच चरणात, एका समासात बसवलेले. वेगवेगळे सोडले असता, हे सांगताना 'पृथक्' हा शब्द ते दोनदा वापरतात आणि माझ्या मते गणित तिथंच अर्धं उलगडतं. प्रत्येकाकडे आधी सुटं सुटं बघ, म्हणजे एकत्र बघता येईल. आईचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? दिवस हा एकक धरला की झऱ्यांचे वेग 1, 2, 3 आणि 6 होतात. एका दिवसात चौघं मिळून 12 बारवा भरतील, म्हणून एक बारव भरायला दिवसाचा बारावा भाग. अहोरात्र 60 घटकांची, तेव्हा पाच घटका; आपल्या घड्याळात दोन तास.

उत्तर मिळालं की बहुतेक जण पुढच्या गणिताकडे वळतात. इथं जरा थांबावं. बारव भरली तेव्हा कुणाचं किती पाणी आत आलं? पहिल्याचं बारावा भाग, दुसऱ्याचं दोन बारांश, तिसऱ्याचं तीन. या तिघांचं मिळून सहा बारांश, म्हणजे बरोबर अर्धी बारव. उरलेली अर्धी एकट्या चौथ्यानं भरली! तीन संथ झऱ्यांची बेरीज एका वेगवान झऱ्याएवढी, कारण 1, 2 आणि 3 मिळून 6 होतात. पाव आणि पाचवा हिस्सा वगळून थेट सहाव्याकडे जाण्यानं ही समतोल मांडणी साधली आहे. कवीनं नेमका शब्द निवडावा तशी मला ही आकड्यांची निवड वाटते.

रीतही तितकीच आटोपशीर. अपूर्णांक उलटे करा, बेरीज करा आणि त्या बेरजेनं एकाला भागा. एकासाठी तिथं शब्द आहे 'रूप'. बारव केवढी, किती खोल, हे कुणी सांगत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. लहान असो की मोठी, पूर्ण भरलेली बारव म्हणजे रूप. चीनच्या 'नऊ अध्याय' या प्राचीन गणितग्रंथात पाच पाटांनी भरणारं तळं आहे, तिथंही हीच वाट सापडते. पण आपल्याला भास्कराचार्य जवळचे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

एक गोष्ट मात्र झऱ्यांना साधते, माणसांना नाही. शेजारी कोण वाहतंय याची झऱ्याला खबर नसते. सोंगणीला बायका ओळीनं पात धरतात, आणि शेजारणीचा विळा चालला की आपलाही चालतो. दुपारी ऊन चढलं की सगळ्यांचाच मंदावतो. अ आणि ब रोज सारखंच काम करतात, असं पुस्तक गृहीत धरतं. तेवढं गृहीत धरल्याशिवाय बेरीजच करता येत नाही, म्हणून माझी त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला वावरात नेलं. आईची पात संपली होती, काकूची बरीच उरली होती. आई बांधावर बसली नाही. ती वळून काकूच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून कापत येऊ लागली. दोघी समोरासमोर, मधलं उभं सोयाबीन दोन्हीकडून कमी होत चाललेलं. भाची त्या दोन टोकांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "आजीचा हात दुप्पट चालतो," ती म्हणाली, "म्हंजे त्या काकूपासून तिसऱ्या हिश्श्यावर भेटतील." मग ती पातीच्या कडेनं पावलं मोजत गेली आणि जिथं दोघी भेटतील असं तिला वाटलं, तिथं एक ढेकूळ ठेवून उभी राहिली.