तक्त्यातले गाजर

जीवनसत्त्वांचा तक्ता अनेक शाळांच्या भिंतीवर दिसतो. 'अ' जीवनसत्त्वापुढे गाजराचे चित्र आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द: रातांधळेपणा. मुले तो पाठ करतात, परीक्षेत जोड्या जुळवतात. तक्त्यात चूक काहीच नाही. तरीही आमची त्याच्याविषयी तक्रार आहे.

पहिली तक्रार क्रमाची. दृष्टिपटलातील शलाका पेशींत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य असते. ते बनायला 'अ' जीवनसत्त्व लागते आणि मंद प्रकाशात आपल्याला दिसते ते त्याच्यामुळे. साठा घटला की मूल तिन्हीसांजेला चाचपडू लागते. कमतरता वाढली की डोळा कोरडा पडतो, बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटोचे ठिपके दिसतात आणि अखेर पारपटल मऊ पडून डोळा जातो. गोवरानंतर ही शेवटची अवस्था काही दिवसांतही येऊ शकते. म्हणजे रातांधळेपणा ही धोक्याची पहिली सूचना आहे. तक्ता तीच शेवटच्या रकान्यात टाकून मोकळा होतो.

दुसरी तक्रार अशी, की तक्ता फक्त डोळ्याविषयी बोलतो. आतड्याच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरांनाही हे जीवनसत्त्व लागते. आल्फ्रेड सॉमर व सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात मुलांना त्याचे मोठे डोस दिले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. उत्तर प्रदेशातील सुमारे १० लाख मुलांच्या पाहणीत (२०१३) मात्र फरक अगदी थोडा दिसला. त्यामुळे डोसने किती जीव वाचतात यावर वाद आहे. डोळे वाचतात यावर नाही.

तिसरी तक्रार गाजराची. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई यांतही कॅरोटीन असते. पण भाजीत तेलाचा थेंबही नसेल, तर ते अंगी फारसे लागत नाही. हे तक्ता सांगत नाही.

शेवटची तक्रार सर्वांत महत्त्वाची. तक्ता वाचतो दहा वर्षांचा विद्यार्थी. या रोगाने डोळे गमावण्याचा धोका सर्वाधिक असतो तो घरच्या दोन-तीन वर्षांच्या भावंडाला. म्हणून शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: "तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण संध्याकाळी अडखळते का? समोरचे ताट चाचपडते का?" उत्तर 'हो' आले, तर त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस तेथे मोफत मिळतात. तक्त्यात आणखी एक रकाना आखून हे लिहिता येईल.