वॉशिंग मशीननं वाचवलेला वेळ जातो कुठे?

तंत्रज्ञानामुळे माणसाला मोकळा वेळ मिळतो का, या प्रश्नावर संशोधनाचा प्रस्ताव लिहायला कुणी बसलं, की मी आधी एक पुस्तक हातात देते: रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३). जुनं आहे, अमेरिकेचं आहे, त्यात मोबाइल नाही. सगळं मान्य. तरी वाचा.

कोवन तंत्रज्ञानाच्या इतिहासकार. चुलीपासून मायक्रोवेव्हपर्यंत अमेरिकन घरात काय बदललं ते त्या बघतात, पण सुटं यंत्र बघत नाहीत. कामाची अख्खी साखळी मांडतात. चुलीसाठी लाकूड फोडायचं काम पुरुषांचं. लोखंडी स्टोव्ह आला, सरपण कमी लागायला लागलं, त्यांचे कष्ट वाचले. पण स्टोव्हवर एका वेळी दोन-तीन पदार्थ होऊ लागले, मग ताटातले पदार्थही वाढले. ते करायचे कुणी, हे सांगायला नको. मोटारीचं तेच. आधी दुकानदार माल घरपोच द्यायचे, नंतर बाईच गाडी काढून दुकानात जायला लागली. बाहेर धुवायला जाणारे कपडे वॉशिंग मशीननं परत घरात आणले.

आपल्याकडची घरघंटी आठवा. दळणाचा डबा गिरणीत न्यायचं काम कितीतरी घरांत पोरांचं असायचं. घरघंटी आली, पोरं सुटली. दळण आता आई लावते.

म्हणजे यंत्रानं वेळ वाचवला का, एवढंच विचारून भागत नाही. कुणाचा वाचवला, हेही विचारावं लागतं. पुस्तकाची खरी ताकद इथे आहे.

आता खटकणारी बाजू. या युक्तिवादाच्या सोबतीला नेहमी जोॲन व्हानेक यांच्या १९७४ च्या लेखातले आकडे येतात: पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करायच्या, १९६० च्या दशकात ५५. ऐकायला जबरदस्त. पण तुलना कुणाची कुणाशी चाललीय? मधल्या काळात अनेक बायका नोकरीला लागल्या आणि 'पूर्णवेळ गृहिणी' या गटातून बाहेर पडल्या. उरलेला गट आधीचा राहिलाच नाही. व्हॅलरी रेमी यांनी २००९ मध्ये सगळ्या कामाच्या वयाच्या स्त्रियांचा अंदाज काढला, तर १९०० ते १९६५ मध्ये आठवड्याला सुमारे ६ तास घट दिसली, २००५ पर्यंत आणखी १२. पुरुषांचे तास १९०० ते २००५ मध्ये १३ नं वाढले. संपूर्ण लोकसंख्येची सरासरी मात्र किंचित वाढलीच! मग कोवन चुकल्या का? माझ्या मते अर्ध्याच. बायकांचे तास घटले, पण ते यंत्रामुळे की नोकरीमुळे, हे नुसत्या बेरजेतून कळत नाही.

भारतातले आकडे वापरणार असाल तर जरा जपून. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. हे ९७ वाचून पुष्कळ जण म्हणतात, दीड तास म्हणजे बरंच की. थांबा. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे, आणि असे पुरुष होते २६.१ टक्के, स्त्रिया ८१.२ टक्के. सगळ्यांवर वाटून बघा: पुरुष साधारण २५ मिनिटं, स्त्रिया २४३. छेद बदलला की गोष्टच बदलते.

पुस्तक सगळं वाचायला सवड नसेल तर फ्रिजचा भाग आधी काढा. गॅसवर चालणारा, आवाज न करणारा फ्रिज बाजारात असताना विजेवरचाच का जिंकला, यात मोठ्या कंपन्यांच्या पैशाचा किती हात होता, हे तिथे छान आलंय. स्वयंपाकघरात कोणतं यंत्र येणार हे स्वयंपाक करणारीच्या हातात कितपत होतं, तेही त्यातच कळतं.