वर कोणी दिला? हुकूमशहाचा उदय आणि आपले ललित लेखन

गोव्याच्या मुक्तिलढ्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग आठवणींचा आहे. सीमा ओलांडून आलेले सत्याग्रही, पोलीस ठाण्यांतील मारहाण, आग्वादच्या किल्ल्यातील कोठड्या, पोर्तुगालमधील दीर्घ कारावास, हे सारे त्यात आले आहे, आणि ज्यांनी भोगले त्यांच्याच लेखणीतून आले असल्यामुळे त्याला साक्षीचे मोल आहे. मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण' हे या प्रकारचे ठळक उदाहरण होय. १९५५ साली पकडला गेलेला हा क्रांतिकारक, गोवा मुक्त होऊन सात वर्षे लोटल्यावर, १९६९ साली सुटला. अशा माणसाच्या निवेदनापुढे टीकाकाराने प्रथम नम्र व्हावे, हेच उचित.

तथापि, हे लेखन एकत्र ठेवून वाचले असता एक उणीव आम्हांस जाणवते. त्यात जुलमी सत्तेचा हात दिसतो, पण ती सत्ता ज्या शिडीने वर चढली ती शिडी दिसत नाही. सालाझार हे नाव जणू आभाळातून पडल्यासारखे येते. साक्षीदाराकडून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल, कारण कोठडीच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच तो सांगणार. परंतु कादंबरीकार व नाटककार यांना ही सबब नाही. प्रश्न केवळ माहितीचा असता तर तो इतिहासकारांवर सोपविता आला असता. तो तसा नाही. जुलूम परकीयाने केला एवढेच विद्यार्थ्याच्या मनावर ठसले, तर परकीय गेला तेव्हा जुलूमही गेला, असा निष्कर्ष तो सहज काढील.

वस्तुतः सालाझार यांचा उदय एका क्रांतीच्या पोटी झाला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. पेडणे व डिचोली या महालांना त्या घटनेचा विशेष अर्थ होता. १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांच्या हाती गेलेले हे महाल 'नव्या काबिजादीं'त मोडत. तेथील बहुसंख्य हिंदू प्रजा सरकारच्या दृष्टीने दीर्घकाळ दुय्यम राहिली होती. प्रजासत्ताकाने धर्म व राज्य यांची फारकत केली आणि कायद्यापुढे समतेचे तत्त्व मान्य केले. शिक्षण, नोकरी व वृत्तपत्रे यांची दारे हिंदूंना अधिक मोकळी झाली. हे प्रजासत्ताक मात्र दुबळे निघाले. सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे झाली आणि तिजोरी रिकामी राहिली. २८ मे १९२६ रोजी सैन्याने बंड केले व त्याला 'राष्ट्रीय क्रांती' हे नाव दिले.

हे बंड करणारे लोक लेनिनच्या पक्षासारखे एका शिस्तीत बांधलेले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. त्यांत प्रजासत्ताकवादी होते, राजेशाहीचे अभिमानी होते, केवळ पगारवाढीची आशा धरणारेही होते. पुढे जे घडले ते मात्र पक्षांतर्गत सत्तास्पर्धेहून वेगळे नाही. ज्यांच्या हाती प्रथम सूत्रे आली ते काबेसादश जून महिन्यातच दूर झाले. त्यांना दूर करणारे सेनापती गोमिश द कोस्ता, ज्यांनी पूर्वी गोव्यातही सैनिकी सेवा केली होती, ते जुलै महिन्यात पदच्युत होऊन आझोर बेटांवर पाठविले गेले. त्यांच्या जागी कार्मोना आले. आणि या सर्व सेनानींना पैशाचा हिशेब काही जमेना, तेव्हा त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाला पाचारण केले.

एप्रिल १९२८ मध्ये अर्थमंत्री होताना सालाझार यांनी एकच अट घातली. कोणत्याही खात्याचा खर्च आपल्या संमतीवाचून होऊ नये, ही ती अट. अट हिशेबाची होती, पण तिच्यात सारे राज्य आले. सेनानींनी ती मान्य केली, कारण तीत त्यांना धोका दिसला नाही. उलट एक कटकट दुसऱ्याच्या माथी गेली, असेच त्यांना वाटले असावे. १९३० मध्ये 'राष्ट्रीय ऐक्य' नावाची एकमेव मान्य संघटना निघाली, १९३२ मध्ये अर्थमंत्री पंतप्रधान झाला, आणि १९३३ मध्ये नवी घटना लोकमताला टाकली गेली. त्या मतदानात जे गैरहजर राहिले त्यांचेही मत अनुकूल धरण्यात आले. 'मौनं सम्मतिलक्षणम्' हे वचन आपण संभाषणात सहज वापरतो. तेथे ते राज्यघटनेच्या पायात घातले गेले. क्रांती अपुरी राहिली असे म्हणणारा रोलांव प्रेतु यांचा गट १९३४ मध्ये बंद झाला. कार्मोना १९५१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, राष्ट्राध्यक्षपदी राहिले. सत्ता मात्र त्यांच्यापाशी राहिली नव्हती.

याच्या शेजारी रशियातील घटना ठेवून पाहावी. एप्रिल १९२२ मध्ये स्तालिन पक्षाचे सरचिटणीस झाले, तेव्हा ते पद कागदपत्रांचे व नेमणुकांचे, म्हणजे कारकुनीचे मानले जात होते. झिनोविएव्ह व कामेनेव्ह यांनी ट्रॉट्स्कीला दूर सारण्यासाठी स्तालिन यांना हात दिला. पुढे या दोघांना दूर सारण्यासाठी बुखारिनने हात दिला. १९३६ मध्ये पहिल्या दोघांना आणि १९३८ मध्ये बुखारिनला मृत्युदंड झाला. दोन्ही देशांची तत्त्वज्ञाने परस्परविरोधी होती, पण शिडी एकाच लाकडाची होती. रुक्ष म्हणून टाकून दिलेले काम एकाने उचलले आणि सहकाऱ्यांनी आपापल्या सोयीसाठी एकेक पायरी त्याला बांधून दिली.

त्या शिडीची सावली गोव्यापर्यंत पडली. १९३० सालच्या वसाहत कायद्याने परकीय भूमी बाळगणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ स्वरूपाचाच भाग ठरविले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलात त्याचा निषेध करून स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला, पण ऐकणारे कोणी नव्हते. प्रजासत्ताकाने दिलेले मुद्रणस्वातंत्र्य गेले. साधी निमंत्रणपत्रिकाही तपासनिसाच्या नजरेखालून जाऊ लागली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालाच्या सीमेवर, पत्रादेवी येथे, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या बंदुकीमागे सत्तावीस वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये मान्य झालेली हिशेबाची एक अट उभी होती. हा संबंध दाखविणारी कादंबरी मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

मराठीला ही दृष्टी सर्वस्वी अपरिचित आहे असे मात्र नव्हे. अरुण साधू यांनी चीन व क्युबा येथील क्रांत्यांचा आणि गोविंद तळवलकर यांनी सोव्हिएत साम्राज्याचा परिचय मराठी वाचकास करून दिला. पण ते वैचारिक लेखन होय. ललित वाङ्मयात या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल'. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे ऐतिहासिक सत्य किती, हा वाद येथे नको. त्याचे बलस्थान असे की, घाशीरामचा जुलूम जितका त्यात दिसतो, तितकाच त्याला कोतवाली देणारा नानाही दिसतो, आणि त्या व्यवहाराकडे पाहत नाचणारा समाजही दिसतो. उणीव एवढीच की, या जगात आरंभापासून कोणतेच स्वप्न नाही. भ्रष्ट दरबारातून क्रूर अधिकारी निघाला यात दुःख आहे, शोकान्तिका नाही. समतेच्या शपथेतून जुलूम निघतो तेव्हाच ती घडते. ऑर्वेलच्या १९४५ सालच्या पशुकथेत भिंतीवरील नियम रातोरात बदलतात. वाचकाला त्याचे भय वाटते, कारण ते नियम लिहिले गेले तेव्हाचा आनंद त्याने पाहिलेला असतो.

मग आमच्या लेखकाने ऑर्वेलचे अनुकरण करावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पेडणे व डिचोली भागांतील जत्रांतून रात्र रात्र चालणारा दशावतार पाहावा. आख्यानातील राक्षस तलवार परजीत येतो तेव्हा मुले दचकतात. पण भस्मासुराच्या कथेचे मर्म त्या प्रवेशात नाही. ते त्याआधीच्या वरदानात आहे. राक्षसाचे बळ त्याचे स्वतःचे नसते, ते त्याला दिलेले असते, आणि देणारा दुष्ट नसून भोळा असतो. सेनानींनी मान्य केलेली ती अट हे आधुनिक वरदानच होय. हुकूमशाहीचे हे आकलन आपल्या लोकनाट्यात पूर्वीपासून आहे. आपल्या कादंबरीने ते अद्याप उचललेले नाही.

पुराण व इतिहास यांत एक भेद मात्र लेखकाने विसरू नये. पुराणात मोहिनी येते आणि त्याच रात्री संकट टळते. इतिहासात मोहिनी येत नाही. १९६१ मध्ये गोवा सुटला, पण पोर्तुगाल सुटला नाही. सालाझार यांची सत्ता १९६८ मध्ये त्यांच्या आजारपणाने संपली, तरी त्यांची राजवट चालूच राहिली. २५ एप्रिल १९७४ रोजी आफ्रिकेतील युद्धांना विटलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांनी ती उलथली. ज्या सैन्याने वर दिला होता त्याच सैन्याने तो परत घेतला. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली आणि दोन पिढ्या खर्ची पडल्या.

ललित लेखकाने राजकारणाची चिकित्सा करीत बसू नये, असा आक्षेप येईल. चिकित्सा त्याने करूच नये. त्याने एक प्रसंग उभा करावा: काही सज्जन माणसे बैठकीस बसली आहेत, वेळ झाला आहे, आणि त्यांतील एकजण 'एवढे तर हिशेबाचे आहे' असे म्हणून कागदावर सही करीत आहे. त्या सहीपाशी वाचकाचा हात थरथरला पाहिजे. आमच्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनीही १९ डिसेंबरचा धडा शिकविताना २८ मेची ही हकीकत विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. वर्गप्रमुखाच्या निवडीपासून ग्रामसभेपर्यंत, कटकट नको म्हणून दुसऱ्याच्या हाती अधिकार सोपविण्याचे प्रसंग त्यांच्याही वाट्याला येणारच आहेत.